दारूचे शिंग व कट्यार : जामखेड–खर्डा परिसराच्या संदर्भात घरगुती शस्त्रावशेषांचा विचार

मराठ्यांच्या इतिहासाचे संशोधन प्रथमपासून कागदपत्रांच्या आधारावर उभे राहिले. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली, १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली, आणि घराघरांतील रुमालांत बांधलेली पत्रे, सनदा, महजर व हिशेब यांना इतिहाससाधनांचा दर्जा प्राप्त झाला. ज्या प्रकारच्या घरांतून हे रुमाल बाहेर आले, त्याच घरांत देवघराच्या कोनाड्यात अथवा माळ्यावरील पेटीत दुसऱ्याही काही वस्तू असत : म्यानातील तलवार, मूठ सैल झालेली कट्यार, एखादा बिचवा, आणि क्वचित बंदुकीची दारू ठेवण्याचे शिंग. कागद वाचता येत होता, म्हणून तो संग्रहात आला. वस्तू वाचण्याची पद्धती तितकी रूढ झाली नाही. परिणामी या वस्तू घरीच राहिल्या, किंवा घराची वाटणी होताना नाहीशा झाल्या.

तलवारीविषयी बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात तिच्याहून सामान्य अशा दोन वस्तूंचा विचार करावयाचा आहे : हाताने घडविलेले दारूचे शिंग आणि आखूड पात्याचे घरगुती शस्त्र. या वस्तू घराण्याची आठवण म्हणून का उरल्या, त्यांच्याविषयी घरात जे सांगितले जाते ते कितपत ग्राह्य धरावे, आणि त्यांच्या घडणीतून कोणती स्वतंत्र साक्ष मिळू शकते, हे तीन प्रश्न येथे मुख्य आहेत. विचाराचे क्षेत्र म्हणून जामखेड तालुका घेण्याचे कारण असे की, एका प्रसिद्ध लढाईचे रणक्षेत्र, दोन राज्यांची गुंतागुंतीची सीमा आणि बंदुकीच्या दारूचा दीर्घ इतिहास या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात.

१. क्षेत्र व त्याची पूर्वपीठिका

जामखेड हा अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. बालाघाटच्या डोंगरओळींनी तो व्यापलेला असून त्याच्या पूर्वेस बीड व धाराशिव जिल्ह्यांची हद्द लागते. अहिल्याबाई होळकर यांचे १७२५ मधील जन्मस्थान चौंडी याच तालुक्यात आहे. तालुक्याच्या आग्नेय भागात खर्डा हे जुन्या पेठेचे गाव असून तेथील भुईकोट किल्ला निंबाळकर घराण्याने अठराव्या शतकात बांधला.

या प्रदेशाचा बंदुकीच्या दारूशी असलेला संबंध खर्ड्याच्या लढाईहून पुष्कळ जुना आहे. निजामशाहीच्या काळात अहमदनगर हे तोफा ओतण्याचे एक महत्त्वाचे केंद्र होते. सांप्रत विजापूरच्या तटावर असलेली मलिक-इ-मैदान ही प्रचंड तोफ १५४९ मध्ये महंमद बिन हुसेन रूमी याने अहमदनगर येथे ओतली. ती पुढे काही काळ परांड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापुरास नेण्यात आली. परांडा खर्ड्याच्या दक्षिणेस, जवळच आहे. अर्थात् तोफेचा इतिहास हा राजसत्तेचा इतिहास होय. हातबंदुकीचा इतिहास याहून वेगळा आहे. तोफ दरबाराची असे. तोड्याची बंदूक मात्र शिपायाच्या, शिलेदाराच्या, शिकाऱ्याच्या व गावराखणदाराच्या हाती असे. तिच्यासोबत दारू बाळगण्याचे साधन प्रत्येकाला स्वतःजवळ ठेवावे लागे. दारूचे शिंग हे ते साधन.

२. वस्तूंची घडण

तोड्याची बंदूक उडविण्यास दोन प्रकारची दारू लागे. नळीत ठासावयाची दारू जाड दाण्याची, आणि नळीच्या कानाजवळ टाकावयाची बारीक दारू, म्हणजे रंजक. जळता तोडा रंजकाला लागे, रंजकाची ज्वाला कानावाटे आत जाई व ठासलेली दारू पेटे. यामुळे बंदूकवाल्याजवळ दोन पात्रे असत : जाड दारूचे मोठे शिंग आणि रंजकाचे लहान पात्र. मोगल दरबारातील रंजकाची पात्रे हस्तिदंताची, प्राण्यांच्या आकृती कोरलेली अशी आढळतात. सामान्य माणसाचे पात्र शिंगाचे, लाकडाचे किंवा चामड्याचे असे.

शिंगच का वापरले गेले याची कारणे व्यावहारिक आहेत. दारूचा मुख्य शत्रू ओलावा. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रातही किल्ल्यावरील दारू वस्तीपासून दूर ठेवावी, ओलाव्यापासून जपावी व वरचेवर वाळवावी, अशी ताकीद आहे. शिंगात ओल शिरत नाही. ते हलके असते, पडले तरी मातीच्या भांड्याप्रमाणे फुटत नाही, आणि धातूप्रमाणे त्यातून ठिणगी उडण्याचे भय नसते. शिवाय ते फुकट मिळते. दक्षिणेस पंढरपूर–सोलापूरकडील म्हशींची शिंगे फार लांब, खांद्याच्याही मागे जाणारी असतात. अशा शिंगाचा बुडखा पोकळ व टोक भरीव असते.

घडणीची रीत साधी पण सावधपणाची आहे. शिंग पाण्यात उकळून आतील हाडाचा गाभा सुटा करावयाचा, मग बाहेरून तासून ते पातळ व गुळगुळीत करावयाचे. उष्णतेने शिंग मऊ होते, म्हणून त्याला थोडा बाक देता येतो किंवा ते चपटे करता येते. रुंद तोंडात लाकडाची गुडदी बसवून ती बारीक खिळ्यांनी पक्की करावयाची आणि सांध लाख, राळ किंवा मेण यांनी बुजवावयाची. टोकाकडील भरीव भाग कापून, आतील पोकळीपर्यंत भोक पाडून तेथे दारू ओतण्याचे तोंड करावयाचे व त्यास खुंटी बसवावयाची. दोन्ही बाजूंस कड्या अडकवून दोरी ओवली की शिंग खांद्यावरून कमरेपर्यंत लोंबते.

येथे शिंग व कट्यार–सुरी यांचा एक प्रत्यक्ष संबंध लक्षात येतो. शिंगाच्या पोकळ भागाचे पात्र होते आणि भरीव भाग सुरीच्या मुठीस उपयोगी पडतो. बिचव्याच्या वळणदार पात्याचा आकारही म्हशीच्या शिंगावरून आला असावा, असे शस्त्रांच्या अभ्यासकांनी मानले आहे. त्याचे नाव मात्र विंचवाच्या नांगीवरून पडले. माडू या शस्त्रात तर हरिणाची दोन शिंगे लहानशा ढालीला जोडलेली असतात. शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य स्थापन झाले. त्यावरून या माळरानात काळवीट हा किती परिचयाचा प्राणी होता याची कल्पना येते.

घरात टिकलेल्या आखूड शस्त्रांचे ढोबळ मानाने चार प्रकार करता येतात. कट्यार : हिच्या दोन आडव्या दांड्या मुठीत धरून पाते सरळ पुढे भोसकता येते. बिचवा : दुहेरी वळणाच्या पात्याचा व कडीसारख्या मुठीचा. जंबिया : वाकड्या पात्याचा, अरब शिपायांबरोबर दख्खनेत आलेला, असे अरब शिपाई पेशवे व निजाम या दोघांच्याही चाकरीस होते. चौथा प्रकार साध्या सुऱ्याचा. तो शस्त्र म्हणावा की अवजार, हे त्याच्याकडे पाहून नेहमीच सांगता येत नाही. गावच्या लोहाराने अथवा फिरत्या घिसाड्याने तो घडविलेला असे. उत्तम पोलाद तेलंगणाकडून येई. कोनसमुद्रम् येथील पोलादाच्या भट्ट्यांचे हेन्री वॉयसे यांनी केलेले वर्णन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. गावठी सुऱ्याचे पाते मात्र बहुतेक वेळा जुन्या लोखंडाचेच असे.

३. खर्ड्याची लढाई आणि घराण्यांतील परंपरा

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या परिसरात पेशवे व निजाम अली खान यांच्या सैन्यांची लढाई झाली. निजामाची फौज बिदरकडून येऊन मोहरीचा घाट उतरली होती. मराठ्यांकडे परशुरामभाऊ पटवर्धन यांच्याकडे सेनापतित्व होते. दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा एकत्र आल्या होत्या, आणि तरुण सवाई माधवराव पेशवे स्वतः मोहिमेवर होते. शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँच्या हुकमतीखाली होत्या, तर निजामाच्या पलटणी रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या. भोसल्यांच्या बाणांच्या माऱ्याने निजामाच्या घोडदळात गोंधळ उडाला. रात्री निजामाने माघार घेऊन खर्ड्याच्या किल्ल्याचा आश्रय घेतला व तेथे तो कोंडला गेला. अखेरीस दौलताबाद किल्ला, मोठा मुलूख व तीन कोट रुपये देण्याचे आणि दिवाण मुशीर-उल्-मुल्क यास मराठ्यांच्या स्वाधीन करण्याचे त्यास कबूल करावे लागले.

ज्या परिसरात असा प्रसंग घडला, तेथील घरगुती शस्त्राला त्या प्रसंगाची आठवण चिकटणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्रात सर्वत्र हाच अनुभव येतो. पानिपतास पूर्वज गेला असल्याची परंपरा असलेल्या घरात तलवार पानिपतची ठरते. गडाच्या पायथ्याच्या गावात ती शिवकालीन ठरते. कौटुंबिक स्मृतीचा हा सर्वसामान्य नियम होय. ती जवळच्या सर्वांत मोठ्या प्रसंगाकडे ओढली जाते, आणि मधल्या काळातील साध्या गोष्टी गाळते.

खर्ड्याच्या बाबतीत या परंपरेत आणखी एक अडचण आहे. खर्ड्याचे निंबाळकर हे निजामाच्या पदरचे मातबर सरदार होते. तेव्हा खर्ड्याभोवतीच्या गावांतील शिपाईबाणा असलेली घराणी १७९५ मध्ये कोणाच्या बाजूस होती, याचे उत्तर आजच्या समजुतीवरून गृहीत धरता येणार नाही. चाकरी ही वतनाच्या व सरदाराच्या संबंधाने ठरे. एकाच भाऊबंदकीतील माणसे दोन्ही फौजांत असणे त्या काळी असंभाव्य नव्हते. पूर्वज विजयी पक्षात होता असे सांगणारी परंपरा खोटी असेलच असे नाही. परंतु ती तपासून घेण्यास येथे विशेष कारण आहे.

४. शिंगाची स्वतंत्र साक्ष

घराण्यातील कथा बाजूस ठेवून केवळ वस्तूस प्रश्न विचारले तर काय हाती येते, हे आता पाहू.

पहिली गोष्ट अशी की, खर्ड्याच्या लढाईत लक्षात भरलेले कवायती पायदळ दारूचे शिंग वापरणारे नव्हते. पेराँ व रेमाँ यांच्या पलटणींकडे युरोपीय धर्तीच्या चकमकीच्या बंदुका होत्या. या बंदुकीस कागदी काडतूस लागे : मापाची दारू व गोळी एकाच कागदात गुंडाळलेली. शिपाई काडतूस दातांनी फोडी, थोडी दारू कानाजवळ टाकी व उरलेली नळीत ओती. त्याच्या कमरेस चामड्याचे तोसदान असे. तेव्हा एखादे शिंग खर्ड्याच्या रणांगणावर होते असे मानले, तरी ते कवायती शिपायाचे असण्याचा संभव कमी. ते तोड्याची बंदूक बाळगणाऱ्या गावठी प्यादाचे, शिबंदीतील माणसाचे किंवा छावणीबरोबर चालणाऱ्या शिकाऱ्याचे असण्याचा संभव अधिक. लढाईच्या वर्णनांत ज्यांची नावे येत नाहीत अशा माणसांकडे ही वस्तू बोट दाखविते.

दुसरी गोष्ट कालनिर्णयाची. एकोणिसाव्या शतकात टोपीची, म्हणजे केपाची बंदूक प्रचारात आली. या बंदुकीत रंजकाची जागा टोपीने घेतली, आणि त्यामुळे रंजकाचे लहान पात्र अनावश्यक झाले. नळीत दारू ठासण्याची रीत मात्र कायम राहिली, म्हणून मोठ्या शिंगाची गरज उरली. ठासणीची बंदूक खेड्यापाड्यांत विसाव्या शतकातही होती; रानडुकरे व हरणे यांच्यापासून पिकाचे रक्षण करण्यासाठी तिचे परवाने दिले जात. यावरून असा निष्कर्ष काढता येतो की, ज्या घरात मोठे शिंग व रंजकाचे पात्र अशी जोडी आहे, तेथील जोडी तोड्याच्या किंवा चकमकीच्या बंदुकीची, बहुधा अधिक जुनी. जेथे एकटे शिंग आहे, तेथे ते १७९५ चे असण्याइतकेच १८९५ चेही असू शकते. अर्थात् तोड्याच्या बंदुका खेड्यांत दीर्घकाळ टिकल्या, आणि जोडीतील लहान पात्र हरवणेही सोपे. तेव्हा हा नियम निर्णायक मानू नये. तो इतर पुराव्याबरोबर लावावा.

तिसरी गोष्ट लेखाची. उत्तर अमेरिकेतील वसाहतींत १७५४ ते १७६३ या काळातील इंग्रज–फ्रेंच युद्धात शिपायांनी आपल्या शिंगांवर स्वतःची नावे, तारखा, किल्ल्यांची चित्रे, एवढेच नव्हे तर नद्या व वाटांचे नकाशेही कोरले. अशा शिंगांचा स्टीफन ग्रॅन्से यांनी केलेला अभ्यास १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शिंग हे जवळजवळ दस्तऐवजाच्या योग्यतेस चढले. दख्खनच्या साध्या शिपायाचे शिंग बहुधा निर्लेख असते. त्यावर वेलबुट्टी, रेघा अगर ठिपके असतील. नाव व तारीख यांची अपेक्षा करता येत नाही. येथे लेखन हे ठरावीक वर्गांचे काम होते, आणि शिपायाचे नाव राहिलेच तर ते हजेरीपटात राहिले. परिणामी अमेरिकेत जे काम शिंगावरील अक्षरे करतात, ते येथे घरातील तोंडी परंपरेला करावे लागते. म्हणूनच ती परंपरा टाकूनही चालत नाही. वस्तूवर नाव नसल्यामुळे वस्तू व नाव यांना जोडणारा तोच एक दुवा आहे.

५. निःशस्त्रीकरण व दोन राज्यांची सीमा

या वस्तूंच्या इतिहासातील खरा निर्णायक टप्पा लढाईनंतरचा आहे. १८१८ मध्ये पेशवाई संपली. १८५७ च्या उठावानंतर शस्त्रांविषयीचे कायदे कडक झाले. १८६० चा एकतिसावा कायदा व १८७८ चा शस्त्रकायदा हे त्यांतील मुख्य. १८७८ च्या कायद्याने बंदूक व दारूगोळा परवान्यावाचून जवळ बाळगण्यास मनाई झाली. तलवार, कट्यार इत्यादी शस्त्रे परवान्याशिवाय बरोबर घेऊन हिंडण्यास बंदी होती. ती केवळ घरात ठेवण्याविषयीचा निर्बंध मात्र सर्व प्रदेशांत सारखा नव्हता. बंदूक व आखूड शस्त्र यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. बंदूक घराबाहेर गेली, किंवा परवान्याच्या कागदाने बांधली गेली. कट्यार घरात राहिली, पण अंगावरून उतरून पेटीत किंवा देवघरात गेली. रिकाम्या शिंगाकडे तर कोणाचे लक्ष जाण्याचे कारणच नव्हते.

म्हणजे आज घरात दिसणारी शिंग व कट्यार ही जोडी लढाईने मागे ठेवलेली नसून निःशस्त्रीकरणाने मागे ठेवलेली आहे. मूळच्या साहित्यातील मुख्य वस्तू, बंदूक, काढून घेतल्यावर जे उरले ते हे. घराणे त्यातून १७९५ चे स्मरण करते. इतिहासकाराला त्यात त्याहूनही स्पष्टपणे १८७८ दिसावे.

जामखेड तालुक्यात या प्रक्रियेस एक स्थानिक परिमाण आहे. ब्रिटिश अमदानीत तालुक्यातील गावे निजामाच्या गावांत मिसळलेली होती. एका गावास ब्रिटिश हिंदुस्थानचा शस्त्रकायदा लागू आणि शेजारच्या गावात निजामाचा अंमल, अशी स्थिती होती. सोयरीक, शेती व बाजार यांना ही सीमा माहीत नव्हती. तेव्हा या भागातील एखाद्या वस्तूचा इतिहास लिहिताना ती १८७८ मध्ये कोणत्या गावात होती, हा प्रश्न ती १७९५ मध्ये कोणाच्या हाती होती याइतकाच महत्त्वाचा ठरतो. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर ही सीमा लोपली, आणि तिच्याबरोबर हा भेदही विस्मृतीत जाऊ लागला.

६. कट्यार टिकली, शिंग हरवले

दोन्ही वस्तू घरात राहिल्या तरी त्यांचे पुढील आयुष्य सारखे नाही. कट्यारीस विधीत स्थान मिळाले. लग्नात नवरदेवाच्या हाती कट्यार देण्याची व तिच्या टोकास लिंबू खोचण्याची चाल मराठी समाजात सुपरिचित आहे. खंडेनवमीस शस्त्रे घासूनपुसून, तेल लावून पूजेत मांडली जातात. यामुळे कट्यार वर्षातून एकदा व प्रत्येक लग्नात बाहेर येते, तिची गोष्ट पुन्हा सांगितली जाते, आणि ती कोणाकडे राहील हा वाटणीच्या वेळी विचाराचा प्रश्न होतो.

शिंगास असे स्थान नाही. खंडेनवमीस ते पूजेत मांडले गेले तर मांडले गेले. लग्नात त्याचे काम नाही. ते ज्या बंदुकीचे अंग होते ती गेल्यावर त्याचा उपयोग काय, हेही दोन पिढ्यांनंतर सांगता येईनासे होते. शिवाय शिंग हा सेंद्रिय पदार्थ आहे. कोरड्या हवेत त्याचे पापुद्रे सुटतात, कीड त्यास पोखरते, लाकडी गुडदी आक्रसून निसटते. गंजलेले पाते ओळखू येते. फुटलेले शिंग नुसता कचरा दिसतो. संग्रहालयांत कट्यारींच्या मानाने साधी शिंगे कमी आढळली, तर त्यावरून पूर्वी ती कमी होती असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. टिकून राहण्याची शक्यता हीच दोघांची वेगळी आहे.

संग्रहाच्या इतिहासानेही हा असमतोल वाढविला. एगर्टन यांनी १८८० मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधील हिंदी शस्त्रांची जी वर्णनात्मक सूची प्रसिद्ध केली, तीत प्रकार व प्रदेश यांनुसार वर्गीकरण आहे. वस्तू कोणत्या घरातील, हे त्या पद्धतीत येऊ शकत नाही. महाराष्ट्रात दिनकर केळकर यांनी घरगुती वापराच्या वस्तू मोठ्या आस्थेने गोळा केल्या. अडकित्ते, दिवे, दौती यांसारख्या वस्तूंना त्यांनी संग्रहालयात मानाचे स्थान दिले आणि १९६२ मध्ये तो संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य वस्तूही जतनास योग्य असते हा त्यांचा धडा फार मोलाचा आहे. तथापि वस्तू घराबाहेर पडली की तिच्यासंबंधीचे तोंडी निवेदन बहुधा मागेच राहते, ही मर्यादा कोणत्याही संग्रहालयास लागू आहे.

७. घडविणारे हात

कौटुंबिक परंपरा वस्तू कोणी वापरली ते सांगते. ती कोणी घडविली ते क्वचितच सांगते. शिंगाच्या बाबतीत हे मौन विशेष लक्षणीय आहे. गावगाड्यात मेलेले जनावर ओढून नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते, आणि कातडे व शिंगे यांवरील हक्क त्याच व्यवस्थेचा भाग होता. कातडे कमावण्याचे काम ढोर व चांभार करीत, पाते लोहार घडवी, गुडदी सुतार बसवी. म्हणजे घराण्याच्या शौर्याची खूण म्हणून देवघरात ठेवलेली ही वस्तू ज्या हातांतून गेली, त्यांतील काही हातांच्या धन्यांना त्या देवघरापर्यंत येण्यास मज्जाव होता. १९२७ च्या महाड परिषदेपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीने मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा आग्रह धरला; कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ चा आहे. त्या व्यवस्थेबरोबर शिंग मिळविण्याची व कमाविण्याची जुनी साखळीही तुटली. हा अंत इष्ट होता. परंतु शिंगाचे वर्णन करताना ही साखळी वगळली, तर इतिहासही कौटुंबिक कथेप्रमाणेच अर्धा राहील.

८. नोंदीची पद्धती

या वस्तूंची नोंद आज का तातडीची आहे, याचे एक कारण कायद्याविषयीची भीती हे आहे. १९५९ चा शस्त्रकायदा १९६२ मध्ये अमलात आला. दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही असे जुन्या धाटणीचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र जवळ बाळगण्यास त्यात सूट आहे. धारदार शस्त्रांबाबत नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख असून, घरगुती व शेतीच्या कामाची पाती त्यांतून वगळली आहेत. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी नेण्यावर निर्बंध आला. त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिंगाच्या वस्तूंनाही नियंत्रण लागू केले, आणि अशा वस्तू जाहीर करण्याची आणखी एक संधी २००३ च्या नियमांनी दिली होती. म्हशीच्या शिंगास हा शेवटचा निर्बंध लागत नाही. हे भेद घरोघर माहीत नसतात. चौकशीस आलेल्या माणसापुढे वस्तू लपविली जाते, किंवा नको ती कटकट म्हणून मोडीत दिली जाते.

अभ्यासकाने म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात. वस्तू जागेवरून हलवू नये. तेथेच तिचे माप, वजन व छायाचित्र घ्यावे. शिंगाच्या तोंडाचा व्यास, गुडदी बसविण्याची रीत, खिळे हाती घडविलेले की कारखान्यातील, लाख की मेण, हे टिपावे. कारखान्यातील खिळा दिसल्यास निदान त्या दुरुस्तीचा काळ तरी ठरतो. शिंग काळविटाचे की म्हशीचे, हे ओळखावे. जुन्या शिंगात दारूचा अंश राहिलेला असू शकतो, आणि कोरडी राहिलेली दारू अनेक वर्षांनंतरही पेट घेते. तेव्हा पूजेतील निरांजनाजवळ शिंग उघडू नये. घरातील निवेदन शब्दशः उतरवून घ्यावे आणि ते कोणी, कोणाकडून ऐकले याची पिढीवार नोंद करावी. माहेरची वस्तू लेकीबरोबर आली असेल, तर ती कोणत्या गावची हे विचारावे. या सीमाभागात ती वस्तू दुसऱ्या राज्यातून आलेली असू शकते. शेवटी वस्तूची साक्ष व घराची साक्ष वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी आणि एकीने दुसरीची भर करू नये.

येथे अभ्यासकाच्या सचोटीचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. ‘हे शिंग खर्ड्याचे नाही, शंभर–सव्वाशे वर्षांपूर्वीच्या डुकराच्या शिकारीचे आहे’ असे सांगितल्यास घरातील त्याचा मान जाईल आणि पुढील वाटणीत ते टाकले जाईल. न सांगितल्यास चुकीचा समज संशोधनाच्या नावाने पक्का होईल. या पेचातून मार्ग वस्तूचे मोल कशात आहे हे नीट समजावून देण्यानेच निघू शकतो. खर्ड्याची लढाई पत्रांतून व समकालीन वृत्तांतांतून पुष्कळ कळते. तिच्यासाठी आणखी एका शिंगाची आवश्यकता नाही. परंतु बंदूक गेल्यावर गावाने पीक कसे राखले, परवाना कोणास मिळाला, सीमेपलीकडील सोयऱ्याकडे काय ठेवले गेले, शिंग कोणी कमाविले व पाते कोणी घडविले, याविषयी कागद फारच थोडे बोलतात. तेथे हे शिंग जवळजवळ एकटा साक्षीदार आहे. हे घरच्या माणसांना सांगितले, तर वस्तूचे वय शंभर वर्षांनी कमी झाले तरी तिचा मान कमी होण्याचे कारण राहणार नाही.

जामखेड–खर्डा परिसरात अशी घरवार नोंद पद्धतशीरपणे करणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. त्यास खर्च थोडा व वेळ बेताचा लागतो. जुने वाडे पडत आहेत, कुटुंबे शहरांकडे जात आहेत, आणि शिंगाचा उपयोग प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसांची पिढी संपत आली आहे. पोलादाचे पाते आणखी काही पिढ्या वाट पाहू शकेल. शिंग व त्याची गोष्ट यांना तेवढा अवधी नाही.